माहलरच्या हृदयाची झडप

२१ फेब्रुवारी १९११. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्या रात्री इटालियन संगीताचा कार्यक्रम होता. वाद्यवृंदासमोर उभ्या असलेल्या पन्नास वर्षांच्या संचालकाच्या अंगात ताप होता आणि घसा सुजलेला होता. घराबाहेर पडू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण तापातही आपण अनेकदा कार्यक्रम केले आहेत, असे म्हणत त्याने तो सल्ला बाजूला सारला. फेरुच्चिओ बुसोनी या मित्राची एक नवी रचना त्या रात्री प्रथमच वाजणार होती. आईच्या शवपेटीपाशी मुलाने गायलेली अंगाई, अशी तिची कल्पना. रचना वाजली, श्रोते पांगले आणि संचालक आपल्या हॉटेलात परतला. गुस्टाव माहलर त्यानंतर पुन्हा कधीही वाद्यवृंदासमोर उभा राहिला नाही. बरोबर ८६ दिवसांनी, १८ मे रोजी, व्हिएन्नात त्याचे निधन झाले.

माहलरच्या मृत्यूभोवती दंतकथांचे दाट धुके आहे. मुलीच्या मृत्यूने आणि पत्नीच्या दुराव्याने खचलेला, हृदयविकार असल्याचे कळल्यापासून मृत्यूच्या छायेत वावरणारा आणि त्या छायेतच अखेरच्या सिम्फनी लिहिणारा कलावंत, असे त्याचे चित्र वर्षानुवर्षे रंगवले गेले. या चित्राचा मुख्य आधार म्हणजे पत्नी आल्माने लिहिलेल्या आठवणी. त्या जपून वाचाव्या लागतात, हे माहलरच्या अभ्यासकांना आता पुरते ठाऊक झाले आहे. वैद्यकीय पुरावा निराळी हकीकत सांगतो. ज्या सदोष झडपेची माहलरने धास्ती घेतली, ती झडप घेऊन तो पुढे जवळजवळ चार वर्षे आयुष्यातले काही सर्वोत्तम काम करीत राहिला. त्याचा घात केला तो त्या झडपेवर येऊन वसलेल्या जंतूंनी.

माहलरचा जन्म ७ जुलै १८६० रोजी बोहेमियातील कालिश्ट या खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. त्याच वर्षी कुटुंब जवळच्या इग्लाऊ गावी, म्हणजे आजच्या यिहलावाला, राहायला गेले. वडील बर्नहार्ड यांचा दारू गाळण्याचा आणि गुत्त्याचा धंदा होता. आई मारी एका पायाने लंगडत असे आणि तिचे हृदयही कमकुवत होते, अशी नोंद चरित्रकार करतात. तिला चौदा मुले झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालपणीच दगावली. घरातून लहानग्या शवपेट्या बाहेर पडत होत्या आणि खाली गुत्त्यात गाणी चालली होती. जवळच्या छावणीतून लष्करी बँडचे सूर ऐकू येत होते. माहलरच्या संगीतात शोकयात्रा आणि उडत्या चालीची गाणी एकमेकींना खेटून का येतात, याचे उत्तर अनेकांनी या घरात शोधले आहे.

या भावंडांपैकी एर्न्स्ट त्याचा सर्वांत लाडका. तो १८७५ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, प्रदीर्घ आजाराने गेला. त्याचा आजारही हृदयाचाच होता. आई, भाऊ आणि पुढे स्वतः माहलर, या तिघांना जोडणारा धागा ऱ्हुमॅटिक तापाचा असावा, असा कयास पुढच्या काळातील डॉक्टरांनी बांधला. हा ताप स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी झालेल्या घसादुखीनंतर येतो. सांधे सुजतात, ताप उतरतो आणि मूल पुन्हा खेळू लागते. पण हृदयाच्या झडपांवर त्याने ठेवलेला वण राहून जातो. दाटीवाटीची घरे आणि मुलांनी भरलेल्या खोल्या हे या रोगाचे आवडते ठिकाण. माहलरला लहानपणी हा ताप येऊन गेल्याचा थेट दाखला नाही, पण घसा मात्र त्याला आयुष्यभर छळत राहिला.

पंधराव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. तिथून बाहेर पडल्यावर लहान गावांतील नाट्यगृहांपासून सुरुवात करून कासेल, प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हँबर्ग अशा पायऱ्या चढत १८९७ मध्ये तो व्हिएन्नाच्या शाही ऑपेरागृहात पोहोचला. ज्यू माणसाला ते पद मिळणे अशक्यप्राय होते. म्हणून त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. श्रद्धेचा भाग त्यात किती आणि नोकरीचा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्रांनी मात्र त्याला शेवटपर्यंत सोडले नाही. त्याने दहा वर्षे ते ऑपेरागृह लोखंडी हाताने चालवले. उशिरा येणाऱ्या रसिकांना दाराबाहेर थांबावे लागे आणि आळशी गायकांची गय होत नसे.

त्याचे स्वतःचे लेखन उन्हाळ्याच्या सुटीत होई. सरोवराकाठी बांधलेल्या छोट्या झोपडीत पहाटे जाऊन बसायचे, दुपारी सरोवरात पोहायचे, सायकल दामटायची, डोंगर पालथे घालायचे, हा त्याचा क्रम. बरोबर चालणाऱ्यांची दमछाक होई. चालता चालता त्याला सूर सुचत आणि थांबून तो ते वहीत टिपून ठेवी. नाजूक, रोगट माहलर हे चित्र खरे मानणाऱ्यांनी या उन्हाळ्यांच्या हकीकती अवश्य वाचाव्यात. मोठे दुखणे आले ते १९०१ च्या फेब्रुवारीत. मूळव्याधीतून इतका रक्तस्राव झाला की जीव जाण्याची वेळ आली. शस्त्रक्रियेने तो वाचला. पुढच्याच वर्षी, ९ मार्च १९०२ रोजी, त्याने आपल्याहून एकोणीस वर्षांनी लहान असलेल्या आल्मा शिंडलरशी लग्न केले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मारिया जन्मली आणि १९०४ मध्ये आना.

या सुखाच्या दिवसांतच त्याने एक विचित्र काम पूर्ण केले. जर्मन कवी फ्रीडरिश र्‍यूकर्ट यांची दोन मुले १८३३-३४ च्या हिवाळ्यात स्कार्लेट फीवरने गेली होती. त्या दुःखात या कवीने चारशेहून अधिक कविता लिहिल्या. त्यांतील पाच कवितांना माहलरने १९०१ ते १९०४ या काळात चाली दिल्या. बाहेर अंगणात आपल्या मुली खेळत असताना मृत मुलांची गाणी लिहिणे आल्माला अशुभ वाटले.

१९०७ च्या उन्हाळ्यात कुटुंब मायरनिगच्या घरी आले आणि थोड्याच दिवसांत मारियाला स्कार्लेट फीवर झाला. घटसर्पाचाही उल्लेख येतो. १२ जुलैला ती गेली. ती पाच वर्षांचीही झाली नव्हती. स्कार्लेट फीवर हाही स्ट्रेप्टोकोकसचाच रोग. र्‍यूकर्टची मुले, माहलरची मुलगी आणि पुढे स्वतः माहलर, यांचे मारेकरी एकाच जंतुकुळातले होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्याजोगी नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी गावचे डॉक्टर ब्लूमेंथाल आल्माला तपासायला आले. तिची तपासणी झाल्यावर माहलरने सहज, जवळजवळ थट्टेने, आपलीही छाती पुढे केली. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. हृदयाच्या ठोक्यांबरोबर जो स्वच्छ आवाज यायला हवा, त्याच्या जागी खरखर ऐकू येत होती. व्हिएन्नातील तज्ज्ञ डॉ. कोवाक्स यांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. मायट्रल झडपेत, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या दारात, दोष होता. हृदयाने त्या दोषाशी जुळवून घेतले होते, म्हणून त्रास असा काहीच नव्हता. तरीही त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी पोहणे, सायकल चालवणे, डोंगर चढणे, सारे बंद केले.

राजीनामा, मुलीचा मृत्यू आणि हृदयाचे निदान हे १९०७ चे तीन घाव त्याने सहाव्या सिम्फनीत हातोड्याच्या तीन ठोक्यांतून आधीच सांगून ठेवले होते, असे आल्मा लिहिते. ऐकायला हे छान वाटते. पण व्हिएन्ना सोडण्याचा निर्णय त्याने मुलीच्या आजारापूर्वीच घेतला होता आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराशी जूनमध्ये करारही केला होता. भरघोस पैसा आणि व्हिएन्नातील कटकटींपासून सुटका हे त्यामागचे कारण होते. नियतीचा त्यात हात असलाच, तर फार थोडा.

निदानाने मात्र त्याला खरोखर हादरवले. पावले मोजण्याचे यंत्र खिशात ठेवून तो फिरू लागला. थोडे चालायचे, थांबायचे, नाडी पाहायची. ज्याला चालल्याशिवाय सूर सुचत नसत, त्याच्यावर चालण्याचीच बंदी आली होती. १९०८ चा उन्हाळा त्याने टोब्लाखला काढला. जुन्या चिनी कवितांच्या जर्मन रूपांतरांवर आधारलेले ‘दास लीड फॉन डेअर एर्डे’ हे गायन-सिम्फनीचे काम त्याने तिथे हाती घेतले. बीथोव्हन आणि ब्रुकनर नवव्या सिम्फनीपुढे गेले नाहीत, म्हणून त्याने या कृतीला नववी म्हणणे टाळले, असे म्हणतात. पण पुढच्याच वर्षी त्याने नववी लिहायला घेतली आणि १९१० मध्ये दहावी. धास्तीचा भर ओसरला होता.

न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी १९०८ रोजी त्याने पहिला ऑपेरा सादर केला. १९०९ पासून न्यूयॉर्क फिलहार्मनिकची सूत्रे त्याच्याकडे आली. (याच वाद्यवृंदाची धुरा पुढे १९७८ ते १९९१ या काळात मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी वाहिली. मेहतांचे शिक्षण व्हिएन्नातले आणि माहलर हा त्यांच्या हातखंडा संगीतकारांपैकी एक, हे मुंबईकर रसिकांना सांगायला नको.) एका मोसमात चाळीसहून अधिक कार्यक्रम, दरवर्षी दोनदा अटलांटिक ओलांडायचा आणि उन्हाळ्यात सिम्फनी लिहायची. हृदय निकामी होत चाललेल्या माणसाला हे झेपले नसते.

१९१० च्या उन्हाळ्यात घर फाटले. वाल्टर ग्रोपियस या तरुण वास्तुविशारदाशी असलेले आल्माचे संबंध उघड झाले. माहलर इतका सैरभैर झाला की ऑगस्टच्या अखेरीस हॉलंडमधल्या लायडनला जाऊन तो सिग्मंड फ्रॉइड यांना भेटला. दोघे सुमारे चार तास रस्त्यांवरून चालत बोलत राहिले. १२ सप्टेंबरला म्युनिकमध्ये आठव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग झाला. हजाराहून अधिक गायक-वादक त्यात होते. त्याच्या हयातीतले एवढे मोठे यश दुसरे नाही. त्या तालमींच्या सुमारासही घसा सुजून त्याला ताप आला होता. हिवाळ्यात न्यूयॉर्कला घसा पुन्हा धरला आणि फेब्रुवारीतला ताप मग उतरलाच नाही.

डॉ. जोसेफ फ्रेंकेल हे त्याचे न्यूयॉर्कमधले डॉक्टर. त्यांना शंका आली आणि त्यांनी माउंट सिनाई रुग्णालयाचे डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावले. लिबमन यांचा योग यावा हे विलक्षणच होते. जगात त्या काळी हा एक रोग सर्वांत चांगला कोणाला कळत असेल, तर त्यांना. हळूहळू वाढणाऱ्या या एंडोकार्डायटिसच्या कारणांवरचा त्यांचा सहलेखकासह लिहिलेला निबंध १९१० मध्येच प्रसिद्ध झाला होता. लिबमन यांनी छातीला कान लावला तेव्हा जुन्या ऱ्हुमॅटिक विकाराची खरखर स्पष्ट ऐकू आली. प्लीहा हाताला लागत होती. डोळ्यांच्या आतल्या पापुद्र्यावर आणि त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके होते आणि बोटांची टोके किंचित फुगली होती. प्रयोगशाळेत न जाताही रोग ओळखू येत होता.

तरी खात्री करायची म्हणून त्यांनी आपले तरुण सहायक डॉ. जॉर्ज बेअर यांना फोन करून साहित्यासह बोलावून घेतले. बेअर यांनी माहलरच्या हातातून वीस घन सेंटीमीटर रक्त काढले, त्यातले काही मांसरसाच्या चंबूंत घातले आणि उरलेले वितळलेल्या अगारमध्ये मिसळून बशांमध्ये ओतले. चार-पाच दिवसांत बशांवर जंतूंच्या वसाहती उगवल्या. सगळ्या चंबूंत एकच जंतू होता. पुढे तो स्ट्रेप्टोकोकस व्हिरिडन्स असल्याचे ठरले. ही सारी हकीकत बेअर यांनी सुमारे सहा दशकांनी, उतारवयात, एका पत्रात लिहून कळवली. माहलरच्या आजाराविषयी आज आपण ठामपणे बोलू शकतो ते बरेचसे या पत्रामुळे.

हा जंतू एरवी आपल्या सर्वांच्या तोंडात आणि घशात असतो. दात घासताना, हिरडी दुखावल्यावर थोडे जंतू रक्तात जातात आणि निरोगी हृदयात त्यांना बसायला जागा मिळत नाही. झडप खडबडीत झालेली असेल, तर तिच्यावर साचलेल्या बारीक गुठळीत ते अडकतात आणि वाढू लागतात. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे शरीराचे शिपाई तिथवर पोहोचत नाहीत. गुठळीचे तुकडे सुटून मेंदूत, मूत्रपिंडात, प्लीहेत जातात. झडप कुरतडली जाते आणि ताप रोज संध्याकाळी चढत राहतो. १९११ मध्ये यावर उपाय नव्हता. निदान अचूक आणि हात रिकामे, अशी लिबमन यांची अवस्था होती.

माहलरने खरे काय ते सांगा, असा आग्रह धरला. ते ऐकल्यावर त्याने व्हिएन्नात मरण यावे, अशी इच्छा व्यक्त केली. ८ एप्रिलला ‘अमेरिका’ या बोटीने कुटुंब निघाले. बुसोनी त्याच बोटीवर होता आणि तरुण लेखक श्टेफान झ्वाइगही. आपल्या दैवताचे ते कृश रूप झ्वाइगने पुढे लिहून ठेवले.

वाटेत पॅरिसलगत न्यूली येथील रुग्णालयात रक्तद्रव टोचून पाहण्यात आले. तिथले जंतुशास्त्रज्ञ आंद्रे शांतमेस यांनी माहलरच्या रक्ताचे नवे कल्चर केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंच्या साखळ्या किती सुरेख वाढल्या आहेत, हे मोठ्या कौतुकाने आल्माला दाखवले. तिला बोलवेना. आल्माच्या आठवणींतला हा प्रसंग मात्र मला खरा वाटतो. त्या काळच्या वैद्यकशास्त्राला रोग दिसू लागला होता, पण रोग्याला देण्याजोगे त्याच्याकडे काही नव्हते.

पेनिसिलीनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती आणि ब्रुकलिनचे डॉ. लिओ लोव यांनी ते भरपूर मात्रेत देऊन अशा रुग्णांना बरे करायला तेहतीस. १९६० मध्ये कृत्रिम मायट्रल झडपा बसू लागल्या. १९६५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी, जंतुसंसर्ग चालू असतानाच रोगट झडप काढून नवी बसवल्याचे प्रसिद्ध केले. आज माहलर असता तर चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके मिळाली असती आणि गरज पडती तर शस्त्रक्रियाही झाली असती. अशी गरज जवळपास निम्म्या रुग्णांना पडते.

अर्थात शस्त्रक्रियेने प्रकरण मिटते असे नाही. जंतूंनी पोखरलेल्या ऊतींत टाके नीट धरत नाहीत आणि नव्या झडपेच्या कडेने रक्त गळू लागते. गळू खोलवर गेले असेल, तर हृदयाची विद्युतवाहिनी तुटते आणि पेसमेकर बसवावा लागतो. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि तिच्या मात्रेसाठी वारंवार रक्त तपासायचे. जैविक झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते. सगळ्यांत वाईट म्हणजे नव्या झडपेवरही तेच जंतू पुन्हा वस्ती करू शकतात आणि तो संसर्ग पहिल्याहून अधिक चिवट असतो. म्हणूनच झडप बदललेल्या रुग्णाला दात काढण्यापूर्वीही प्रतिजैविक घ्यावे लागते. आपल्याकडे हे वाचणाऱ्या अनेकांच्या नात्यागोत्यात असा रुग्ण असेल. ऱ्हुमॅटिक ताप युरोपातून जवळजवळ गेला, भारतातून गेलेला नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने घडलेली देशी झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली, ती याच गरजेतून.

न्यूलीत उतार पडेना, तेव्हा व्हिएन्नाहून प्रा. ख्वोस्टेक यांना बोलावण्यात आले. त्यांनी रुग्णाला धीर दिला आणि घरी नेण्याची तयारी केली. रेल्वेने निघालेला हा प्रवास राजेरजवाड्यांसारखा झाला. स्थानकांवर बातमीदार प्रकृतीची चौकशी करायला उभे होते. ज्या शहराने त्याला दहा वर्षे टोचले, त्याच शहराची वृत्तपत्रे आता रोज त्याच्या प्रकृतीचे वृत्त छापत होती. १२ मे रोजी त्याला लोव यांच्या सॅनिटोरियममध्ये आणले. १८ मेच्या रात्री, बाहेर वादळ चालू असताना, अकरा वाजून गेल्यावर त्याची प्राणज्योत मालवली.

नवव्या सिम्फनीच्या आरंभीची अडखळती लय ही त्याच्या बिघडलेल्या हृदयाचीच लय, असे लेनर्ड बर्नस्टाइन यांनी सुचवले आणि ते मत फार लोकप्रिय झाले. १९०९ च्या उन्हाळ्यात त्याची नाडी अनियमित चालत असल्याचा पुरावा मात्र उपलब्ध नाही. ती सिम्फनी लिहिणारा माणूस आजारी नव्हता, हे लक्षात ठेवून ती ऐकली तर ती अधिक आश्चर्यकारक वाटते.

माहलरने ती कधी वाद्यवृंदावर ऐकली नाही. त्याचा शिष्य आणि मित्र ब्रुनो वाल्टर याने २६ जून १९१२ रोजी व्हिएन्नात ती प्रथम सादर केली. चिनी कवितांची सिम्फनीही त्याच वाल्टरने आधीच्या नोव्हेंबरात म्युनिकला वाजवली होती. दहावी अपुरीच राहिली. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत २२ मे रोजी, त्याच्या इच्छेप्रमाणे, त्याला मारियाजवळ पुरण्यात आले. दगडावर फक्त नाव आहे.